दूध येतंय का हे सगळे विचारतात, दुखतंय का हे कुणीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत स्तनपानावर आलेला दोन पानी लेख वाचला. लेख चांगलाय, माहिती बरोबर आहे, पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावं, चीक वाया घालवू नये, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, यात काहीच चूक नाही. पण त्या दोन पानांत दुखण्याबद्दल एकच वाक्य होतं, 'सुरुवातीला थोडा त्रास होऊ शकतो', आणि बाजूला हसऱ्या आईचा आणि शांत बाळाचा भलामोठा फोटो. तो 'थोडा' शब्द वाचला आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण मधला लॅचचा, म्हणजे बाळाच्या पकडीचा, भाग तेवढा कापू नका प्लीज.

माझा मुलगा आता चार महिन्यांचा आहे. आता मी पाजताना एका हाताने फोन बघते, जांभया देते, नवऱ्याशी भांडते पण. पण पहिले पाच आठवडे पाजायच्या आधी मी उशीचं टोक दातात धरायचे. बाळाने तोंड लावलं की पायाची बोटं आपोआप आत वळायची आणि मी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे, वीसनंतर कळ जरा कमी व्हायची, कधी व्हायचीच नाही. आणि हे दिवसातून आठ ते बारा वेळा, कारण नवीन बाळ तेवढ्या वेळा पितंच, ते नॉर्मल आहे. एकेक वेळ वीस-तीस मिनिटांची धरा आणि करा हिशेब.

सुरुवात हॉस्पिटलमध्येच झाली (नाव लिहीत नाही, बाकी सगळं त्यांनी छान केलं). पहिल्या दिवशी एक सिस्टर आल्या, त्यांनी एका हाताने बाळाचं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने माझी छाती, आणि दोन्ही एकमेकांवर दाबलं. बाळ चोखायला लागलं. त्या 'हं, घेतोय बघा' म्हणाल्या आणि पुढच्या बेडकडे गेल्या. मिनिटभर पण नसेल. त्या बाईंचा दोष नाही, त्यांच्याकडे सगळा वॉर्ड होता. पण माझं शिक्षण तिथेच संपलं. घरी जाईपर्यंत रोज तीनतीनदा मला विचारलं गेलं, दूध येतंय का, शू किती वेळा, शी किती वेळा, टाके कसे आहेत. दुखतंय का असं एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजवीकडे चीर पडली. तिसऱ्या दिवशी रात्री दूध भरून आलं आणि दोन्ही बाजू दगडासारख्या कडक झाल्या, कातडी चकचकीत ताणलेली, हात पण लावू देत नव्हते. सगळ्यांना आनंद झाला, आलं एकदाचं दूध! पण इतकं भरलेलं असताना निपल सपाट होतं, भोवतीचा काळा भाग ताणून टणक होतो, आणि बाळाला धरायला काही उरतच नाही, फुगलेल्या फुग्याला चावायचा प्रयत्न करून बघा म्हणजे कळेल. मग ते टोकाटोकानेच ओढतं आणि आधीच्या चिरेवर आणखी चीर. मला खूप नंतर कळलं की अशा वेळी पाजायच्या आधी बोटांच्या टोकांनी निपलच्या भोवती आतल्या बाजूला हलका पण सलग दाब मिनिटभर धरून ठेवायचा, सूज मागे सरकते, तो भाग मऊ पडतो आणि बाळाला पकड मिळते. एक मिनिटाचं काम. ते शिकवायला कुणाला एक मिनिट नव्हतं.

इथे एक गंमत सांगते, तेव्हा गंमत वाटली नव्हती. आपल्याकडे या दुखण्याला घरात बोलायला शब्दच नाही. लेखात तुम्ही 'स्तनाग्र' लिहिलंत, पण तो शब्द तोंडाने कोण बोलतं? मी चौथ्या दिवशी जेवताना रडत म्हटलं 'छातीत खूप दुखतंय' तर सासरे ताडकन उठले, गाडीची किल्ली शोधायला लागले, त्यांना वाटलं हार्टचं काहीतरी. सासूबाईंनी त्यांना हाताने खुणावून बसवलं आणि विषय तिथेच मिटला. म्हणजे दुखणं खरं वाटण्यासाठी ते हार्टचं असायला पाहिजे होतं.

आई म्हणाली आमच्याही वेळी असंच होतं, आठ-दहा दिवसांत कातडी टणक होते, सहन करायचं. सासूबाई म्हणाल्या त्याचं पोट भरत नसेल म्हणून ओढतो. मैत्रीण म्हणाली पंप वापर. नवरा बिचारा रात्री अडीच वाजता व्हिडिओ बघत बसायचा आणि मला म्हणायचा 'अगं यात दाखवलंय की दुखायला नको', तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरं तर घरात तो एकटाच बरोबर बोलत होता.

सातव्या दिवशी बाळाने उलटी केली आणि दुधात लाल रेषा. आमची पाचावर धारण बसली, रात्रीच डॉक्टरांकडे पळालो. ते रक्त माझंच होतं, चिरेतून त्याच्या पोटात गेलेलं. डॉक्टर म्हणाले बाळाला याने काही होत नाही, पाजत राहा. बाळाला काही नाही म्हटल्यावर सगळे निवांत झाले, घरी आलो, झोपलो. आईच्या अंगातून तिच्या बाळाच्या पोटात जाण्याइतकं रक्त येतंय यावर मात्र पुढचा प्रश्न कुणाला सुचला नाही, तेव्हा मलासुद्धा नाही.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते, पण लिहिते. मला बाळाच्या उठण्याची भीती वाटायला लागली होती. पाळण्यात जरा चुळबूळ झाली की माझ्या पोटात खड्डा पडायचा. एकदा तो रडत असताना मी बाथरूमचा नळ सोडून आत उभी राहिले, चार-पाच मिनिटं, नुसती उभी, म्हणजे आवाज येऊ नये. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं त्याच्याच आवाजाला घाबरणारी आई, हे कुणाला सांगणार? बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली असते, 1987 पासून जगभर वापरतात, पाच मिनिटांत भरून होते. माझ्या हातात ती कुणी दिली नाही. दिली असती तर मार्क बरेच वाईट आले असते. सततचं दुखणं, तुटक झोप आणि 'मला हे साधं पण जमत नाही' ही भावना हे तिन्ही एकत्र आल्यावर दुसरं काय होणार.

अकराव्या दिवशी कुणीतरी एका लॅक्टेशन कन्सल्टंटचा (स्तनपानाच्या अडचणी सोडवणाऱ्या तज्ज्ञ असतात त्या) नंबर दिला. त्या आल्या, हात धुतले, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, 'तुम्ही रोज पाजता तसं पाजा, मी फक्त बघते.' आणि खरंच वीस मिनिटं काही बोलल्या नाहीत. अकरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत बघत होतं. पाजून झाल्यावर त्यांनी मला निपल बघायला सांगितलं, ते एका बाजूने चपटं आणि तिरकं झालं होतं, नवीन लिपस्टिकचं टोक असतं ना अगदी तसं. त्या म्हणाल्या, 'हे बघा पुरावा. बाळ स्तन चोखत नाहीये, नुसतं निपल चोखतंय.'

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत सांगते. आपल्या जिभेने टाळू चाचपून बघा, पुढे कडक लागेल आणि खूप मागे गेलं की मऊ. बाळाच्या तोंडात निपल त्या मागच्या मऊ भागापर्यंत पोचायला हवं, तिथे ते कशावरही घासत नाही. पकड उथळ असेल तर निपल पुढेच राहतं आणि जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये चिरडलं जातं, प्रत्येक घोटाला, शेकडो वेळा. मग मलम काय आणि काय, चीर भरणार कशी, रोज बारा वेळा तिथेच मार बसतोय तर.

मी काय करत होते तर छाती हातात धरून बाळाच्या तोंडात भरवत होते, जसा घास भरवतो तसं, आणि स्वतः पुढे वाकून पाठीची वाट लावत होते. करायचं उलटं. आपण मागे टेकून आरामात बसायचं आणि बाळाला आपल्याकडे आणायचं. त्याचं पोट आपल्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, मान वळलेली नको (आपण मान वळवून पाणी पिऊन बघा, गिळता येत नाही नीट). त्याचं नाक निपलच्या समोर ठेवायचं, तोंड नाही, नाक. मग ते वास घेतं, मान मागे टाकतं, आणि जांभई दिल्यासारखं मोठं आ करतं. त्या क्षणी पाठीला आधार देऊन पटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. डोक्यावर मागून दाब द्यायचा नाही, डोकं दाबलं की बाळ उलट मागे जोर लावतं, म्हणजे पहिल्या दिवशी मला जे दाखवलं होतं नेमकं तेच करायचं नसतं. नीट लागलं की खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गाल फुगलेले, खड्डे पडलेले नाहीत, आणि काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. सुरुवातीला दहा-वीस सेकंद ओढ जाणवते ती चालते. त्याच्यापुढे दुखत राहिलं तर काढायचं आणि परत लावायचं. काढताना ओढून नाही, ओठांच्या कोपऱ्यातून आपलं स्वच्छ बोट आत सरकवायचं, हवा गेली की पकड सुटते.

त्या दिवशी त्यांच्यासमोर मी सहा वेळा काढलं-लावलं, बाळ वैतागलं, मी रडले, सातव्या वेळी लागलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे काहीच दुखलं नाही. मी घाबरून विचारलं, पितोय ना हा? त्या म्हणाल्या ऐका. आणि खरंच घोट ऐकू येत होते.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं पण नाही. उजवी बाजू इतकी फाटली होती की त्यांनी तिकडून दोन दिवस पाजायला मनाई केली, दूध हाताने पिळून वाटी-चमच्याने द्यायला सांगितलं. पिळलेलं कमी पडलं तेव्हा चार दिवस थोडं फॉर्म्युलाही (डब्यातलं पावडरचं दूध) दिलं, बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, कारण बाळाचं वजन जन्मवजनापेक्षा कमी होतं आणि परत वर येत नव्हतं. पहिल्या काही दिवसांत सात टक्क्यांपर्यंत उतरणं बहुतेक बाळांचं होतंच, दहा टक्क्यांच्या आसपास गेलं की नीट लक्ष द्यावं लागतं, आणि साधारण दोन आठवड्यांत वजन परत जन्मवजनाला पोचायला हवं. आमचं चौदाव्या दिवशीपण पन्नास ग्रॅम कमीच होतं, सोळाव्या दिवशी भरलं. त्या चार दिवसांत फॉर्म्युलाचा डबा मी कपाटात साड्यांच्या मागे लपवून ठेवला होता, पाहुण्यांनी बघू नये म्हणून. डब्यांच्या जाहिरातींवर बंधन घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, 1981 ची, आणि ती असायलाच हवी, पण ती कंपन्यांसाठी आहे हो. लोकांनी ती आयांना लावून टाकलीये. निपलला दोन दिवस विश्रांती मिळाली म्हणूनच मी आज चार महिन्यांनी पाजतेय, नाहीतर बाराव्या दिवशी कायमचं बंद केलं असतं, हे मी शपथेवर सांगते.

चौथ्या आठवड्यात मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाला सूज. दुपारी अंग मोडून आलं, संध्याकाळी 102 ताप, डावीकडे लाल पट्टा आणि हात लावला की चटका. आता यावर सल्ले बघा, गरम शेक दे, जोरात चोळून गाठ फोड, पंप लावून पूर्ण रिकामं कर. मी तिन्ही केलं, रात्रभर, आणि सकाळी दुप्पट सूज. डॉक्टरांनी (या वेळच्या वेगळ्या) सांगितलं की हा सल्ला आता जुना झाला, 2022 पासून स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गाइडलाइन्सच बदलल्यात. ती गाठ म्हणजे नळीत अडकलेला दह्याचा गोळा नसतो, आजूबाजूची सूज नळ्या बाहेरून दाबत असते, त्यामुळे चोळून ती फुटत नाही तर आणखी सुजते, आणि पंपाने जास्त काढलं की शरीराला वाटतं मागणी वाढली, ते आणखी दूध बनवतं. म्हणून थंड शेक, सुजेवर चालणारी साधी गोळी डॉक्टरांना विचारून, हलका हात, आणि बाळाला नेहमीसारखं पाजणं, जास्त नाही कमी नाही. दिवसभरात उतार पडला नाही तर अँटिबायोटिक. मला लागलं. पाजणं बंद करायचं नाही, ते दूध बाळाला बाधत नाही, उलट एकदम बंद केलं तर पू होऊ शकतो. तिसऱ्या दिवशी मी माणसात आले.

माझ्या बाबतीत कारण पकड होतं, प्रत्येकीचं तेच असेल असं नाही. एका मैत्रिणीच्या बाळाची जीभ खाली पातळ पडद्याने बांधलेली होती, पुढे येतच नव्हती, छोटी प्रोसिजर केली. (पण हल्ली जरा दुखलं की लगेच जीभ कापा असं पण चाललंय, आधी पकड नीट करून बघावं असं मला वाटतं.) दुसरीचं तर वेगळंच, पाजून झालं की निपल पांढरं फटक पडायचं, मग जांभळट, मग लाल, आणि सुया टोचल्यासारखी कळ. तिला दोनदा फंगसचं औषध दिलं, काही उपयोग नाही. शेवटी कळलं की रक्तवाहिन्या आवळतात, गारठ्याने वाढतं. पाजून झाल्याझाल्या कोरडं करून उबदार कापडाने झाकायला लागली तेव्हा निम्मं कमी झालं, बाकीचं गोळीने. तिला तीन महिने लागले हे कळायला, कारण पाजून झाल्यावर रंग कसा दिसतो हे कुणी बघितलंच नव्हतं. परत तेच!

म्हणून संपादकसाहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं बोलून नाही तर बघून सापडतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची हॉस्पिटलांसाठी दहा पायऱ्यांची यादी आहे, 2018 ला सुधारलेली, तिच्यात पाचवी पायरीच ही आहे की आईला स्तनपान सुरू करायला, चालू ठेवायला आणि त्यातल्या नेहमीच्या अडचणी सोडवायला मदत करा. 'दूध पाजलं' या रकान्यात टिक म्हणजे ती मदत नाही. घरी सोडायच्या आधी एकदा, फक्त एकदा, कुणीतरी खुर्ची ओढून एक अख्खं फीडिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघावं आणि काढल्यावर निपलचा आकार बघावा. वीस मिनिटं. टाके बघतातच की. आणि घरच्यांनी 'सहन कर' म्हणायच्या आधी एवढं लक्षात घ्या की आमच्या आईच्या वेळीही ते बरोबर नव्हतं, तिलाही कुणी दाखवलं नव्हतं. हे पत्र तिला वाचून दाखवलं तर ती गप्प बसली आणि मग म्हणाली, 'तुझ्या वेळी मी तीन महिन्यांत वरचं दूध सुरू केलं, सगळ्यांना सांगितलं दूध आटलं. आटलं नव्हतं गं.'

दरवर्षी 1 ते 7 ऑगस्ट स्तनपान सप्ताह असतो, तुम्ही तेव्हाही पुरवणी काढाल. फायद्यांची यादी आम्हाला पाठ आहे, ती अर्ध्या पानात आटपा. उरलेल्या जागेत बाळाची पकड कशी दिसते त्याची मोठी, स्वच्छ चित्रं छापा, बरोबर आणि चूक दोन्ही शेजारी शेजारी, म्हणजे एखादीला ती कापून पलंगाशेजारी भिंतीवर लावता येतील. आणि फोटोच छापायचा असेल तर बाळाची हनुवटी आणि खालचा ओठ नीट दिसेल असा छापा, आईचा चेहरा त्यात नसला तरी चालेल.

आपली,
एक वाचक